शेततळ्यात सोडलेलं मत्स्यबीज तिसऱ्या दिवशी का मरतं?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. वडूजच्या पुढं आमचं शेततळं आहे, ३० बाय ३० मीटर, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं. डाळिंबासाठी काढलं होतं. यंदा पहिल्यांदाच त्यात मासे टाकले. रोहू, कटला आणि सायप्रिनस मिळून २,००० बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुण्याकडच्या एका केंद्रातून आणल्या. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण बीज धरणं, मोजणं, भरणं यातच साडेआठ वाजले. पुढं खंबाटकी घाटात एक कंटेनर आडवा झाला होता, तिथं पाऊण तास उभे होतो. सातारा, कोरेगाव, पुसेगाव करत तळ्यावर पोचायला दुपारचे दोन वाजले. पिशव्या उघडल्या तेव्हा जवळजवळ सगळं बीज जिवंत होतं, पिशवीत आठ-दहाच मेलेली. मी खूश होऊन लगेच पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी कडेला पंधरा-वीस तरंगताना दिसली. तिसऱ्या दिवशी दोनशेच्या वर. चौथ्या दिवशी तर मोजायचं बंद केलं. काहींच्या अंगावर कापसासारखं पांढरं काहीतरी उगवलं होतं. शेजारचे म्हणतात बोअरच्या पाण्यात दोष आहे. केंद्रावाले म्हणतात, आमच्याकडून जिवंत गेलं, पुढचं तुमचं. वडील म्हणतात आपल्या पाण्याला मासा मानवत नाही, पुन्हा पैसे घालू नको. मला मात्र कळायचंय. सोडताना पळत गेलेला मासा तीन दिवसांनी का मरतो?

माणदेशी_डाळिंब
दादा, आटपाडीत आमच्याकडं पण असंच झालं होतं. लोक सांगतात निम्मं मरतं असं धरूनच दुप्पट टाकायचं. आम्ही तसंच करतो.

पिशवीवाला
दुप्पट टाकायचं हे कुणी काढलं माहीत नाही, पण त्यानं लई नुकसान केलंय. मी बारा वर्षं बीज वाहतोय. छोटा हत्ती टेम्पो आहे माझा, मिरज, विटा, जत, म्हसवड सगळीकडं जातो. माझ्या हिशेबानं बीज गाडीत मरत नाही. ते गाडीत बसायच्या आधी खचतं आणि तळ्यात गेल्यावर मरतं. गाडी नुसती मधली.

येरळाकाठ, एक सांगा. आदल्या दिवशी त्यांनी बीज उपाशी ठेवलं होतं का? का सकाळी तळ्यात ओढजाळं मारलं आणि तसंच पिशवीत भरलं?

येरळाकाठ
सकाळीच जाळं ओढलं. मी समोर उभा होतो. गढूळ पाण्यातून बादलीत, बादलीतून चाळणीत, चाळणीतून वाटीनं मोजून पिशवीत. उपाशी वगैरे काही नव्हतं, पिशवीच्या पाण्यात विष्ठेचे दोरे दिसत होते.

पिशवीवाला
मग तिथंच झालं. तुमच्या बोअरला बोल लावू नका.

वारणाकाठची
येरळाकाठ दादा, मी वाळवा तालुक्यातली. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि आता गावाकडे तळ्यांचंच काम बघते. तुमचं वर्णन वाचून वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं आहे. सविस्तर लिहिते.

मासा घाबरला, दमला, पाण्याबाहेर उचलला गेला की काही मिनिटांत त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल चढतं. माणसात चढतं तेच संप्रेरक. त्यामागोमाग रक्तातली साखर वाढते, श्वास जोरात चालतो, कल्ल्यांमधून जास्त रक्त खेळतं. पळून जीव वाचवायचा असेल तर हे सगळं उपयोगी. पण पिशवीत पळायला जागा कुठे? तो जोर त्याच्यावरच उलटतो.

खरा घात होतो कल्ल्यांत. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात मिठाचं प्रमाण साधारण ०.९ टक्के असतं आणि बाहेरच्या पाण्यात जवळपास नसतंच. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत असतं आणि क्षार सतत बाहेर झिरपत असतात. निरोगी मासा कल्ल्यांनी क्षार परत ओढतो, जादा पाणी लघवीवाटे टाकतो आणि हा तोल दिवसरात्र सांभाळतो. ताणात कल्ले जास्त उघडे पडतात आणि गळती वाढते. जाळ्यात घासून खवले निघाले, अंगावरचा बुळबुळीत थर गेला, की तिथूनही गळती. असा मासा त्या दिवशी मरत नाही. पोहतो, पळतो, तुम्हाला वाटतं सगळं छान. आतून मात्र क्षार उतरत राहतात आणि दोन ते पाच दिवसांत तो संपतो. तुमचा तिसरा दिवस हा असा येतो.

आणि तो कापूस म्हणजे बुरशी. ती पाण्यात नेहमीच असते. धडधाकट माशाला ती काही करत नाही. जिथे बुळबुळीत थर गेलाय, खवला उडालाय, तिथे ती बसते. ताणाने प्रतिकारशक्ती खाली आलेलीच असते. तेव्हा बुरशी दिसली म्हणून औषध शोधत बसू नका, जखम कुठे झाली ते शोधा.

कोरडवाहू
ताई, फार छान समजावलंत. मी जतचा. एक विचारतो, पिशवीत तर नळकांड्यातून शुद्ध ऑक्सिजन भरतात. मग श्वासाचा प्रश्न उरतोच कुठं?

वारणाकाठची
उरतो, पण ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग शुद्ध ऑक्सिजन ठेवला तर पाण्यात नेहमीच्या पाचपटीपर्यंत ऑक्सिजन विरघळू शकतो. तो सहसा पुरतो. अडचण मासा बाहेर टाकतो त्याची. पिशवी बंद, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही पाण्यातच साठतात. कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त आम्लधर्मी होतं आणि रक्ताची ऑक्सिजन धरायची ताकदच कमी होते. म्हणजे भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो.

म्हणून तर आदल्या दिवशी उपाशी ठेवणं इतकं महत्त्वाचं. २४ तास स्वच्छ, वाहत्या किंवा हवा दिलेल्या पाण्यात हाप्यात (कापडी जाळीच्या पेटीत) नाहीतर टाकीत ठेवलं की पोट रिकामं होतं. मग पिशवीत विष्ठा नाही, अमोनिया कमी. शिवाय मासा दाटीला सरावतो आणि जाळ्याच्या पहिल्या धक्क्यातून सावरतो. जे कमजोर असतात ते त्या टाकीतच मरतात, तुमच्या पैशाने तुमच्या तळ्यात येऊन मरत नाहीत. कदाचित म्हणूनच काही ठिकाणी हे करायचं टाळत असावेत, असं मला स्पष्ट वाटतं.

माणदेशी_डाळिंब
आम्हाला एका शिबिरात सांगितलं होतं की पिशवी तोंड उघडून तळ्यात ठेवा, तासभर हळूहळू तळ्याचं पाणी मिसळत राहा, मग सोडा. आम्ही ते तंतोतंत करतो. तरी मर होते.

वारणाकाठची
दादा, हा मुद्दा नीट बघायला हवा, कारण सल्ला अर्धा बरोबर आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक कमी त्रासाचं आणि एक विषारी. कुठलं किती हे पाण्याच्या सामूवर (पीएचवर) ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर जेमतेम अर्धा-पाऊण टक्का अमोनिया विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की साधारण ५ टक्के. सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त.

आता बंद पिशवीत काय चाललंय बघा. साठलेला कार्बन डायऑक्साइड सामू खाली ओढतो. तो माशाला त्रास देतो हे खरं, पण त्याच सामूमुळे अमोनिया सौम्य रूपात राहतो. तुम्ही तोंड उघडलं की कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो, सामू वर चढतो आणि इतका वेळ निपचित पडलेला अमोनिया विषारी व्हायला लागतो. त्यात वरून हिरव्यागार तळ्याचं दुपारचं पाणी घातलं, ज्याचा सामू शेवाळामुळे ९ च्या पुढे गेलेला असतो, तर एक तास तुम्ही माशांना त्याच पाण्यात ठेवून विष वाढवताय.

म्हणून तापमान जुळवायचं ते पिशवी बंद ठेवूनच. २० ते ३० मिनिटं बंद पिशवी सावलीत तरंगू द्यायची. आतलं आणि बाहेरचं तापमान दोनेक अंशांच्या फरकात आलं की तोंड सोडायचं, तळ्याचं पाणी दोन-तीनदा थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिशवी आडवी करून माशांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. तोंड उघडल्यापासून हे पाच-दहा मिनिटांत उरकायचं. प्रवास तासा-दोन तासांचा आणि बीज उपाशी ठेवलेलं असेल तर थोडं सावकाश चालेल. रात्रभराच्या प्रवासाला नाही.

माणदेशी_डाळिंब
हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं आम्ही तो तास मन लावून पाळत होतो. वाचून पोटात कालवलं.

येरळाकाठ
ताई, मी तर भर दुपारी दोनला सोडलं. तळ्याचं पाणी हिरवं होतंच.

वारणाकाठची
होय दादा. प्लास्टिकच्या तळ्यात खाली माती नसते, त्यामुळे सामू सांभाळून धरणारं फारसं काही नसतं आणि तो दिवसात फार वरखाली होतो. दुपारी दोन-तीनला सगळ्यात वर, पहाटे सगळ्यात खाली. पण अगदी पहाटे पाण्यात ऑक्सिजनही तळाला गेलेला असतो. सूर्य उगवून तास-दीड तास झाला की सोडायची वेळ उत्तम. तोवर पाण्यात ऑक्सिजन यायला लागतो आणि ऊन तापलेलं नसतं.

संगम_माहुली
चर्चा मोलाची चालली आहे. मी सत्तरीचा, मत्स्य खात्यातून निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरुण मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो.

पूर्वी बीज तयारच करता येत नव्हतं. रोहू, कटला, मृगळ बंद तळ्यात अंडी देत नाहीत. पुरात बंगाल-बिहारच्या नद्यांतून मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच अंड्यांतून निघालेली पिल्लं, गोळा करायचे आणि मातीच्या हंड्यांतून आगगाडीनं देशभर पाठवायचे. हंड्यांबरोबर माणसं बसत आणि वाटभर ती हंडी हलवत राहत, पाणी हिंदकळून हवा मिसळावी म्हणून. पाण्यात थोडी लाल माती टाकत, घाण तिच्याबरोबर खाली बसायची. म्हणजे पिशवीत साचणाऱ्या घाणीचा प्रश्न त्या माणसांनाही माहीत होता. त्यांनी त्यांच्या परीनं उत्तर काढलं होतं.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथींचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. आपण तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. त्यानंतर बीज जवळ तयार व्हायला लागलं आणि प्रवास दिवसांवरून तासांवर आला. पण प्रवास लहान झाला म्हणून काळजीही कमी घ्यायची, ही सवय आपल्याला लागली. हंडी हलवणारा माणूस रात्रभर जागा असायचा. आता चालक पिशव्या लादतो आणि ढाब्यावर उन्हात गाडी लावून जेवायला जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

पिशवीवाला
काका, आम्ही सगळेच तसे नाही ओ. पण तुमचं खरं आहे, तसे आहेत.

माझं काम कसं चालतं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरंच. गाडी रात्री दोन-तीनला काढायची, उन्हाच्या आत माल पोचला पाहिजे. दोन पिशव्या एकात एक. खालचे दोन्ही कोपरे रबरानं बांधून घ्यायचे, नाहीतर बारकं बीज कोपऱ्यात घुसून एकावर एक चेपतं आणि तिथंच मरतं. हे कोपऱ्याचं कुणी बघत नाही. टम्म फुगवायची नाही, ऊन लागलं की वायू फुगतो आणि पिशवी फुटते. गाडीच्या हौद्यात ओलं गोणपाट, त्यावर पिशव्या आडव्या, वरून परत ओलं गोणपाट आणि काळी ताडपत्री. अंधारात मासा गप राहतो. बर्फ लागला तर पिशव्यांच्या मध्ये, बाहेरून, तोही गोणपाटात गुंडाळून. पिशवीत बर्फ टाकायचा नाही, तो नळाच्या पाण्याचा असला तर क्लोरीन कल्ले जाळतं.

आणि वाटेत पिशवी उघडून बघायची नाही. मालक लोकांना राहवत नाही. भिवघाटात चहाला थांबलं की म्हणतात जरा बघू या जिवंत आहेत का. बाहेरून विजेरी मारून बघा की.

कोरडवाहू
एका पिशवीत किती टाकायची? आम्हाला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

पिशवीवाला
वेगळाच असणार. आकार, जात, वेळ, ऊन यावर आहे सगळं. बोटुकली मोठी तेवढी संख्या कमी. मी नवीन केंद्रावरून उचलायच्या आधी एक पिशवी भरून तिथंच सावलीत ठेवायला सांगतो, माझा प्रवास जेवढा तेवढा वेळ आणि वर दोन तास. ती पिशवी सुखरूप राहिली तर तेवढीच संख्या भरायची. केंद्रावाले कुरकुर करतात. करू देत.

जातीचं सांगतो. सायप्रिनस आणि मृगळ दणकट. कटला आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) लई नाजूक, हात लावला तरी खचतात. एका पिशवीत जाती मिसळू नका, कटल्याची पिशवी विरळ ठेवा.

वारणाकाठची
पिशवीवाला दादांनी सांगितलेली चाचणी पिशवी ही कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची आहे. मी त्यात मीठ घालते. अक्षरशः मीठ. वाहतुकीच्या पाण्यात लिटरला १ ते ३ ग्रॅम साधं खडेमीठ विरघळवलं की आतलं-बाहेरचं अंतर कमी होतं आणि क्षारांची गळती मंदावते. ६ लिटर पाण्याच्या पिशवीला ६ ते १८ ग्रॅम झालं. आधी पूर्ण विरघळवून मग मासे घालायचे. इतकी स्वस्त गोष्ट असून फार थोडे जण करतात.

लवंग तेलानं गुंगी देण्याबद्दल वाचून कुणी तरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. गुंगीने मासा शांत राहतो, हालचाल आणि श्वास कमी होतो हे खरं. पण बारक्या बीजाला थोडा डोस जास्त झाला तरी कल्ले थांबतात आणि बंद पिशवीत ते दुरुस्त करता येत नाही. शेतकऱ्याने घरी करायची ही गोष्ट नाही. उपास, थंडावा, अंधार आणि मीठ, एवढं केलंत तर त्याची गरजही पडत नाही.

थंडावा म्हणजे गारठा मात्र नाही. तापमान १० अंशांनी वाढलं तर माशाची श्वासाची गरज आणि घाण टाकणं साधारण दुप्पट होतं, म्हणून २२ ते २५ अंशांच्या आसपास ठेवलेलं बरं. पण तेही हळूहळू खाली आणायचं.

येरळाकाठ
सगळं वहीत उतरवून घेतलं. एक प्रश्न राहिला. पुढच्या वेळी परत मर झाली, तर ती प्रवासामुळं की माझ्या पाण्यामुळं, हे कळायचं कसं? घरात आणि केंद्रावर दोन्हीकडं मला तेच उत्तर द्यायचंय.

वारणाकाठची
फार योग्य प्रश्न. तळ्यात हापा लावा. मच्छरदाणीच्या कापडाची चारी बाजूंनी शिवलेली पेटी, एक मीटर लांब-रुंद पुरे, चार काठ्यांना किंवा दोरीनं ताणून. प्लास्टिकच्या तळ्यात काठी रोवता येत नाही, तेव्हा काठावरून दोरीनं बांधा, कोपऱ्यांना पाण्यानं भरलेल्या बाटल्या टांगा.

बीज यायच्या दोन दिवस आधी गावातल्याच दुसऱ्या तळ्यातली ठणठणीत १५-२० मासळी त्यात ठेवा. ती जगली तर पाणी ठीक. मग नवं बीज आलं की त्यातली १०० मोजून दुसऱ्या हाप्यात सोडा आणि रोज सकाळी मेलेली मोजा, पाच दिवस. जुनी जगली आणि नवी गेली तर दोष आणण्यात आहे. दोन्ही गेली तर पाण्यात. सोडल्यावर पहिला दिवस खाद्य देऊ नका, दुसऱ्या दिवशी अगदी थोडं.

आणि एक. ९०० चौरस मीटरला २,००० बोटुकल्या जास्तच होतात. हेक्टरी ५ ते १० हजार हा साधारण हिशेब धरला तर तुमच्या तळ्याला ९०० पुष्कळ झाल्या. मरणार म्हणून जास्त टाकायचं आणि जास्त टाकल्यामुळे पुढे उरलेल्यांची वाढ खुंटवायची, यात कुणाचंच भलं नाही.

येरळाकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

दुसऱ्या केंद्राशी बोललो. २४ तास उपाशी ठेवायची अट घातली, त्यांनी थोडे जास्त पैसे मागितले, दिले. चाचणी पिशवी ठेवायला लावली, तिच्यात दहा तासांत एकही मेलं नाही. ९०० बोटुकल्या घेतल्या, कटला वेगळ्या पिशवीत. लिटरला २ ग्रॅम मीठ. रात्री अडीचला निघालो, पिशवीवाला दादांचीच गाडी होती. ते वाटेत एकदाच थांबले, तेही डांबरीवर झाडाखाली आणि आधी उतरून गोणपाट ओलं केलं. सात वाजता तळ्यावर. पिशव्या बंदच अर्धा तास तरंगल्या. आमच्या वडिलांना धीर निघेना, सोड की म्हणत होते. मी थर्मामीटर दाखवला, आत २४, बाहेर २६. मग सोडली.

हाप्याचा हिशेब असा. आमच्या मेव्हण्याच्या तळ्यातली जुनी २० मासळी पाच दिवस सगळी जगली. म्हणजे बोअरच्या पाण्यावर उगाच आळ होता. नव्या १०० पैकी पहिल्या दिवशी १, तिसऱ्या दिवशी २, चौथ्या दिवशी १ गेलं. चारातले तीन कटला. कापूस कुणाच्याच अंगावर नाही.

रोज सकाळी मोजायला वडीलच जातात आता. पाचव्या दिवशी हापा सोडला तेव्हा कडेला बसून होते बराच वेळ.

माणदेशी_डाळिंब
हे वाचून लई बरं वाटलं. आमचं बीज पुढच्या आठवड्यात यायचंय. तो हापा शिवून कुठं मिळाला?

येरळाकाठ
घरीच शिवला, जुनी मच्छरदाणी होती. आमचं काम झालंय, धुऊन वाळवून ठेवलाय. दहिवडीपर्यंत आलात तर मी आणून देतो. दोन्ही न्या, जुन्या माशांचा आणि नव्यांचा.

पिशवीवाला
आटपाडीची फेरी मंगळवारी आहे माझी. मीच आणतो.